ताटातले खडे आणि तोफांची धमकी

दरवर्षी १८ फेब्रुवारीला मुंबईच्या १९४६ च्या नाविक बंडाचा स्मरणदिन येतो. दुसऱ्याच दिवशी शिवजयंती. वडगाव निंबाळकरच्या चौकात भगवे लागतात, व्याख्यानांत शिवरायांच्या आरमाराचे गोडवे गायले जातात. आदल्या दिवसाची आठवण मात्र क्वचितच कोणी काढतो. नीरेकाठच्या शेतकऱ्याचा आणि दर्याचा काय संबंध, असे कोणी विचारले तर त्याने त्या बंडाचे कारण पाहावे. भातातले खडे आणि साहेबाच्या तोंडची शिवी, एवढ्यावरून ते पेटले. ज्याच्या अमदानीत ते पेटले, तो अधिकारी दोन महायुद्धे पाहिलेला, नामांकित आणि कर्तबगार होता. म्हणूनच त्याची कारकीर्द आज तपासून पाहण्यासारखी आहे.

हा अधिकारी म्हणजे जॉन हेन्री गॉडफ्रे. त्यांचा जन्म १८८८ चा. १९०३ मध्ये, मिसरूडही फुटले नव्हते तेव्हा, ते ब्रिटिश नौदलाच्या शिक्षणक्रमात दाखल झाले. पहिल्या महायुद्धात दार्दानेल्सच्या मोहिमेत होते. पुढे ‘रिपल्स’ या बड्या युद्धनौकेचे कप्तान झाले आणि १९३९ मध्ये नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख. इयान फ्लेमिंग हे तिथले त्यांचे खासगी सहायक. जेम्स बाँडच्या कथांतला ‘एम’ हा वरिष्ठ फ्लेमिंग यांनी गॉडफ्रेंवरूनच बेतला, असे मानले जाते. शत्रूच्या गोटात काय शिजते आहे याचा वास काढण्यात गॉडफ्रेंचा हातखंडा होता. स्वभाव मात्र तापट; बरोबरीच्या अधिकाऱ्यांशी त्यांचे पटेना. १९४२ मध्ये ते पद गेले आणि १९४३ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीचे प्रमुख म्हणून त्यांची रवानगी हिंदुस्थानात झाली.

इथेही ते हातावर हात ठेवून बसले नाहीत. १९३९ मध्ये जेमतेम दोन हजारांच्या आत असलेले हे नौदल युद्ध संपेपर्यंत पंचवीस हजारांच्या वर गेले होते. आपल्या पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याला, यंत्रशिक्षणाचे केंद्र १५ फेब्रुवारी १९४५ ला सुरू झाले आणि ब्रिटिशांनीच त्याला ‘शिवाजी’ हे नाव दिले. आज ‘आयएनएस शिवाजी’ म्हणून आपण ओळखतो ते हेच. पण नौदलाचे मुख्यालय तेव्हा दिल्लीत होते आणि भरती झालेली पोरे होती बंदरावर. ती पोरे ज्या मुलखातून आली होती, तिथे ‘चले जाव’चा वणवा नुकताच पेटून गेला होता. नीरेपलीकडे सातारा जिल्ह्यात तर नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते. त्यात आझाद हिंद सेनेच्या खटल्यांची भर पडली.

मुंबईत कुलाब्याला ‘तलवार’ नावाची संदेशवहनाची शाळा होती. तिथल्या भिंतींवर ‘जय हिंद’ लिहिले गेले, बी. सी. दत्त हा नाविक त्यापायी पकडला गेला. जेवण निकृष्ट, पगारात गोऱ्या-काळ्याचा भेद आणि वर तिथल्या कमांडर किंग यांच्या अर्वाच्य शिव्या. तक्रारी झाल्या, पण त्या वरपर्यंत पोहोचल्या नाहीत किंवा पोहोचून तिथेच निजल्या. १८ फेब्रुवारी १९४६ ला नाविकांनी अन्नाला हात लावला नाही आणि कामालाही. दोन-तीन दिवसांत हे लोण मुंबईबाहेर कराचीपर्यंत गेले. सुमारे वीस हजार नाविक त्यात उतरले. एम. एस. खान अध्यक्ष, मदनसिंग उपाध्यक्ष अशी त्यांची मध्यवर्ती समिती बनली.

२१ तारखेला कॅसल बराकीत गोळीबार झाला. त्याच दिवशी गॉडफ्रे आकाशवाणीवरून बोलले. सरकारच्या हाती प्रचंड बळ आहे, नौदल नष्ट झाले तरी बेहत्तर पण ते वापरले जाईल, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ. मुंबईने याला आपल्या पद्धतीने उत्तर दिले. खराब अन्नावरून उठलेल्या पोरांसाठी लोक गेटवेवर जेवणाचे डबे आणि फळे घेऊन गेले. २२ तारखेला गिरणगाव बंद पडला. परळला कमल दोंदे गोळीला बळी पडल्या. त्या दिवसांत मुंबईच्या रस्त्यांवर दोनशेहून अधिक माणसे मेली. अखेर सरदार पटेलांच्या मध्यस्थीनंतर २३ ला नाविकांनी शस्त्रे खाली ठेवली.

गॉडफ्रेंची ती धमकी अटळ नव्हती. १९३१ मध्ये स्कॉटलंडच्या इन्व्हरगॉर्डन बंदरात खुद्द ब्रिटिश नाविकांनी पगारकपातीवरून काम थांबवले होते. काहींचा पगार पाव हिश्श्याने कापला जाणार होता. तिथे गोळी सुटली नाही. म्होरक्यांना शिक्षा झाल्या, शेकडोंना घरी पाठवले. पण काही दिवसांतच सरकार नमले आणि कपात दहा टक्क्यांवर आली. तेच साम्राज्य, तीच शिस्त. फक्त नाविकांचा रंग वेगळा. गॉडफ्रेंना तेव्हाची हकीकत ठाऊक नसणे शक्यच नव्हते. जर्मनीतल्या हालचालींचा अंदाज बांधणाऱ्या या माणसाला आपल्याच भटारखान्यात काय शिजते आहे, ते कळले नाही. मार्चमध्ये त्यांच्या जागी दुसरे अधिकारी आले. पुढे न्या. फजल अली यांच्या चौकशी आयोगाने मूळ कारण सांगितले ते हेच: दीर्घकाळ साचलेला आणि दाद न मिळालेला असंतोष.

दोष एकट्या साहेबाचा म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. मुंबईच्या बंडापायी काढून टाकलेल्या नाविकांना स्वतंत्र भारताच्या नौदलानेही परत घेतले नाही आणि पाकिस्ताननेही नाही. बंड करणारा नायक आपल्याला इतिहासात आवडतो, हाताखाली नको असतो. ग्रामसभेत उभा राहून बोलणारा आगाऊ ठरतो. कॅनॉलच्या टेलला पाणी पोहोचत नाही म्हणून अर्ज देणाऱ्याला पोच मिळते, उत्तर मिळत नाही. वसतिगृहातल्या मुलाने जेवणाबद्दल तोंड उघडले की त्याच्या घरी पत्र जाते. अधिकार गावचा असो वा साम्राज्याचा, परक्याच्या घरातली कुजबुज त्याला लवकर ऐकू येते आणि हाताखालच्याचे गाऱ्हाणे उशिरा. ‘तलवार’वर खडे निवडायला दोन माणसे जास्त लावली असती आणि एका कमांडरची जीभ वेळेवर आवरली असती, तर ब्रिटिश राज्य टिकले असते असे नव्हे. पण ज्या माणसांच्या जिवावर नौदल उभे राहिले, त्यांनाच ते बुडवण्याची धमकी द्यायची पाळी त्याच्या प्रमुखावर आली नसती. खुर्चीवरच्या माणसाची परीक्षा त्याच्या हुशारीवर होत नाही. सगळ्यात खालच्या माणसाची तक्रार त्याच्यापर्यंत किती दिवसांत पोहोचते, यावर होते.