मणक्यातील सुई आणि शिवथरची लावणी

शिवथरच्या खोऱ्यात लावणीच्या दिवसांत बाई सकाळपासून चिखलात वाकलेली असते. पुढे मणक्यातील चकतीचे दुखणे जडले की शहरातील बाजार तिच्यापुढे सुई धरतो. मणक्यात स्टिरॉइड सोडा, नाहीतर रेडिओलहरींनी मज्जातंतू जाळा! २०२५ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातील तज्ज्ञमंडळाने जुनाट पाठदुखीवर असल्या उपचारांविरुद्ध ठाम शिफारस केली. (कर्करोग वा जंतुसंसर्गाची दुखणी यात येत नाहीत.) तरी विक्री होते; कारण या बाजारात मालाची पारख गिऱ्हाइकाला नसते, विक्रेत्यालाच असते. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालीच ते मांडले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली व्यायाम आणि रुग्णशिक्षण सुचवले. ते शिकविणारा फिजिओथेरपिस्ट महाड-पोलादपूरच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा तरी आला पाहिजे, ही मागणी आपल्या कार्यकर्त्यांनी जिल्हा परिषदेपुढे लावणीपूर्वीच ठेवावी.