फायलींना नावं ठेवा!

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, आईच्या ओव्या तुमच्या कॉम्प्युटरवर आहेत ना? वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका छापावी म्हणतोय." मी म्हटलं, आहेत की! संध्याकाळपर्यंत पाठवतो.

संध्याकाळ कसली, चार दिवस गेले.

२००६ साली अक्का आमच्याकडे पंधरा दिवस राहायला आली होती. तिला जात्यावरच्या ओव्या खूप पाठ. ती सांगायची आणि मी नव्यानेच शिकलेलं टायपिंग एका बोटाने चालवायचो. वहीत उतरवून घ्यावं असं मनात आलंच नाही. कॉम्प्युटर असताना वही कशाला, हा तेव्हाचा रुबाब! त्यामुळे कागदावर एक ओळ नाही.

स्टार्ट मेनूत 'ओवी' टाईप केलं. काही नाही. 'अक्का' टाकलं. काही नाही. छातीत धस्स झालं हो. दोष माझाच होता, हे मागाहून कळलं. एक तर जुन्या सगळ्या फायली मी डी ड्राइव्हवर टाकलेल्या. विंडोजचा शोध मुळात डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप अशा ठरावीक जागांचीच सूची ठेवतो. बाकीच्या जागा सेटिंगमध्ये जाऊन त्याला सांगाव्या लागतात. दुसरं म्हणजे २००६ साली मी युनिकोड वापरत नव्हतो. त्या जुन्या फाँटमध्ये पडद्यावर 'ओवी' दिसायची, पण आत साठायची रोमन अक्षरं आणि चिन्हं. कॉम्प्युटरच्या लेखी त्या फायलीत मराठी नव्हतंच!

जुन्या मंडळींना गूगल डेस्कटॉप आठवत असेल. २००४ साली आलं आणि २०११ साली बंद झालं. फायलींच्या पोटातला मजकूर शोधून द्यायचं. बंद झालं तेव्हा मी हळहळलो होतो. पण ते असतं तरी या ओव्या त्यालाही सापडल्या नसत्या. आता शब्दांचा अर्थ ओळखून शोधणारी साधनंही आली आहेत, पण असल्या काल्यातून ती तरी काय अर्थ काढणार?

मला उपयोगी पडलं ते 'एव्हरीथिंग' नावाचं छोटंसं फुकट साधन. नाव 'सगळं', आणि एरवी शोधतं फक्त फायलींची नावं! शाळेच्या भाषेत सांगतो. एखादा मुलगा शोधायचा तर वर्गावर्गात शिपाई पाठवण्यापेक्षा ऑफिसातलं जनरल रजिस्टर उघडावं. विंडोजची डिस्क असं एक रजिस्टर स्वतःच ठेवते. हे साधन ते वाचतं, म्हणून लाखभर फायली असल्या तरी अक्षर टाईप करताच यादी समोर येते. मुलाच्या दप्तरात काय आहे हे मात्र रजिस्टरात नसतं.

मी फक्त वर्डच्या फायली मागितल्या आणि बदलाच्या तारखेप्रमाणे लावल्या. (तारीख बदलाचीच पाहावी. नव्या कॉम्प्युटरवर फाईल उतरवली की निर्मितीची तारीख नवी पडते.) २००६ च्या फायली निघाल्या बावीस. त्यांतल्या एकीचं नाव म्हणजे रोमन अक्षरांचा नुसता काला. उघडली, आतही तोच काला. जुना फाँट शोधून चढवला आणि... अक्का बोलायला लागली!

ते विचित्र नाव कुठून आलं? फाईल पहिल्यांदा साठवताना वर्ड पहिली ओळच नाव म्हणून सुचवतं. मी 'ओके' म्हणून मोकळा झालो होतो.

म्हणून माझं मत असं, की साधन कुठलं घ्यावं यापेक्षा फाईलचं बारसं नीट करणं महत्त्वाचं. नुसती नावं शोधणारं साधन मला बरं वाटतं ते याचसाठी. ते आपल्याला नाव द्यायला भाग पाडतं. मी आता आधी साल, मग माणूस, मग विषय असं लिहितो. एक खाचखळगा आहे. 'सातार्‍याचा' मधला तो र दोन तऱ्हांनी टाईप होतो, दिसतो सारखाच, पण साठतो वेगळा. तेव्हा शोधताना 'साता' एवढंच टाकावं.

प्रोग्राम झटपट उघडणारी साधनंही नातवाने बसवून दिली होती. ऑल्ट आणि स्पेस दाबायचं, दोन अक्षरं टाकायची, प्रोग्राम हजर. ज्याला दिवसाकाठी तीस प्रोग्राम लागतात त्याने जरूर वापरावं. मला लागतात चार. ते खालच्या पट्टीवर ओळीने लावलेत. विंडोजची कळ धरून १ दाबलं की पहिला उघडतो, २ दाबलं की दुसरा. आठवड्याने ते साधन काढून टाकलं. (नातू रुसला. असो.)

ओव्या युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटली, ती हाताने दुरुस्त करण्यात तीन दिवस गेले. मग भाच्याला पाठवल्या. रात्री त्याचा फोन. "मामा, शेवटची ओवी अर्धीच आहे."

ते मला ठाऊक होतं. त्या दिवशी मध्येच लाईट गेले होते. अक्का म्हणाली, राहू दे, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी तिला गावी जायचं होतं, सकाळची एसटी होती.