समान मैदान, समान मान

फुटबॉलचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे भव्य क्रीडांगणे, कोट्यवधींचे करार आणि दूरचित्रवाणीवर झळकणारे खेळाडू उभे राहतात. परंतु या खेळाचा खरा विस्तार त्या झगमगाटाच्या बाहेर आहे. जगात असे असंख्य लहान क्लब आहेत, की ज्यांचे खेळाडू दिवसभर शाळेत, दुकानात किंवा कारखान्यात काम करतात, आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी सराव करतात आणि सुटीच्या दिवशी सामना खेळतात. क्लब त्यांना थोडेफार मानधन देतो. पण त्यावर घर चालत नाही. अशा क्लबांना अर्धव्यावसायिक क्लब म्हणतात. दिवसा पोटासाठी राबून संध्याकाळी पुस्तक उघडणाऱ्याला या खेळाडूंची ओढाताण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

अशा क्लबांजवळ पैसा बेताचाच असतो. आणि पैसा बेताचा असला की त्याच्या वाटणीचा प्रश्न अधिक तीव्र होतो. भरल्या घरात एखाद्यावर झालेला अन्याय झाकला जातो; ओढगस्तीच्या घरात मात्र कोणाच्या ताटात किती वाढले, हे सर्वांना दिसते. पुरुषांचा आणि स्त्रियांचा असे दोन संघ असलेल्या क्लबाने आपल्या मोजक्या पैशाची वाटणी कशी करावी? ती समान करावी, असे माझे मत आहे. या मतावर घेतले जाणारे आक्षेप पोकळ नाहीत. म्हणून त्यांचाही विचार केला पाहिजे.

प्रथम एक प्रत्यक्ष उदाहरण पाहू. इंग्लंडच्या दक्षिण भागात ईस्ट ससेक्स काउंटीत लुईस नावाचे एक लहान शहर आहे. तेथील लुईस फुटबॉल क्लबची स्थापना १८८५ साली झाली. ‘ड्रिपिंग पॅन’ असे गमतीदार नाव असलेल्या मैदानावर तो खेळतो. आर्थिक अडचणीत सापडलेला हा क्लब २०१० साली चाहत्यांनी आपल्या मालकीचा केला. एक सभासद, एक मत, हे त्याच्या कारभाराचे सूत्र ठरले. या क्लबाने जुलै २०१७ मध्ये जाहीर केले, की पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या संघांवर यापुढे समान खर्च केला जाईल. मानधनासाठी सारखीच रक्कम, खेळायला तेच मुख्य मैदान, प्रशिक्षणाच्या त्याच सोयी आणि प्रसिद्धीत तेवढेच स्थान, असा त्या निर्णयाचा अर्थ होता. व्यावसायिक आणि अर्धव्यावसायिक क्लबांमध्ये असे पाऊल टाकणारा हा जगातील पहिला क्लब मानला जातो. धनाढ्य क्लबांना जे सुचले नाही, ते वर्गणीवर चालणाऱ्या एका क्लबाने करून दाखविले.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो, की पुरुषांचे सामने पाहायला अधिक लोक येतात, तिकिटांचे उत्पन्न त्यांच्यामुळे होते. मग त्यांनी मिळविलेला पैसा इतरांना का द्यावा? आक्षेप व्यवहाराचा आहे. परंतु तो निम्मीच हकिकत सांगतो. स्त्रियांचे सामने पाहायला लोक येत नव्हते, असे नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात पुरुष रणांगणावर गेले आणि स्त्रिया दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करू लागल्या. प्रेस्टन येथील ‘डिक, कर’ कारखान्यातील कामगार स्त्रियांनी १९१७ साली आपला संघ उभारला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर या संघाचा सामना पाहण्यासाठी सुमारे ५३,००० प्रेक्षक जमले होते. जागेअभावी हजारो लोकांना बाहेरच थांबावे लागले. अशा सामन्यांचे उत्पन्न जखमी सैनिकांसाठी आणि रुग्णालयांसाठी दिले जात असे.

पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला, की फुटबॉल हा खेळ स्त्रियांना योग्य नाही आणि कोणत्याही संलग्न क्लबाने त्यांना आपले मैदान देऊ नये. ही बंदी सुमारे ५० वर्षे टिकली आणि १९७१ साली संपली. ज्यांच्या पायाखालचे मैदान अर्धशतक काढून घेतले, त्यांनाच पुढे ‘तुमचे प्रेक्षक कुठे आहेत?’ असे विचारणे न्यायाचे नाही. विहिरीवर पाणी भरू द्यायचे नाही आणि घागर रिकामी का म्हणून हिणवायचे, असाच हा प्रकार झाला.

आपल्या देशात अशी लेखी बंदी नव्हती. परंतु उपेक्षेनेही तेच काम केले. भारताच्या महिला संघाने १९८० साली कोझिकोड येथे आणि १९८३ साली बँकॉक येथे आशियाई स्पर्धेत उपविजेतेपद मिळविले. शांती मलिक यांना १९८३ साली अर्जुन पुरस्कार लाभला. एवढा पाया असूनही पुढे काय घडले? पुरुषांची राष्ट्रीय लीग १९९६ साली सुरू झाली. महिलांच्या राष्ट्रीय लीगला २०१६-१७ चा हंगाम उजाडावा लागला. मधली २० वर्षे किती मुलींच्या खेळाची उमेद विझवून गेली असतील, याचा हिशेब कोणत्याही वहीत सापडणार नाही. तरीही जुलै २०२५ मध्ये भारतीय महिलांनी थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ असे हरवून २०२६ च्या आशियाई चषक स्पर्धेत प्रवेश मिळविला.

केरळमधील गोकुलम केरळ या क्लबाचे उदाहरणही लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच्या पुरुष संघाने २०२१ आणि २०२२ साली आय-लीग जिंकली. महिला संघाने २०२०, २०२२ आणि २०२३ साली राष्ट्रीय लीगचे विजेतेपद पटकावले. एका संघाला बळ दिले म्हणून दुसरा दुबळा होतोच असे नाही, हे यावरून दिसते. याच महिला संघाला ऑगस्ट २०२२ मध्ये मात्र ताश्कंदहून न खेळताच परतावे लागले, कारण त्या वेळी जागतिक संघटनेने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केले होते. कारभाऱ्यांच्या भांडणाची शिक्षा खेळाडू मुलींना भोगावी लागली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. समान वाटणी केल्याने संघ जिंकू लागतो काय? याचे प्रामाणिक उत्तर ‘नेहमीच नाही’ असे आहे. लुईसच्या महिला संघाने मार्च २०२३ मध्ये एफए चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत धडक मारली. तेथे मँचेस्टर युनायटेडने त्यांना ३-१ असे हरविले. पुढे २०२४ साली हा संघ दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधून खाली घसरला. श्रीमंत क्लबांनी महिला संघांवर पैसा ओतायला सुरुवात केल्यावर लहान क्लबाचा टिकाव लागणे कठीण झाले. त्यातच २०२२-२३ च्या हंगामात महिलांच्या एफए चषकाची एकूण बक्षिसे ३० लाख पौंडांची होती, तर पुरुषांच्या चषकाची त्याच्या कितीतरी पट अधिक. म्हणजे क्लबाने घरात समता आणली, तरी बाहेरच्या बाजारात विषमता शिल्लक राहतेच. पण म्हणून घरातील न्याय चुकीचा ठरत नाही. आपण मुलगा आणि मुलगी या दोघांना शाळेत घालतो, ते दोघेही पहिले येतील म्हणून नव्हे. दोघांचा हक्क सारखा आहे म्हणून.

समान वागणुकीची घोषणा झाली की तिचा अर्थही तपासून घ्यावा. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्त्री-पुरुषांचे सामना-मानधन सारखे केले. कसोटीसाठी १५ लाख, एकदिवसीय सामन्यासाठी ६ लाख आणि टी-ट्वेंटीसाठी ३ लाख रुपये. हे पाऊल निश्चितच स्वागतार्ह होते. परंतु त्या वेळी वार्षिक करारात पुरुषांच्या सर्वोच्च श्रेणीला ७ कोटी रुपये आणि महिलांच्या सर्वोच्च श्रेणीला ५० लाख रुपये मिळत होते. शिवाय सामन्यांची संख्याच कमी असेल, तर प्रत्येक सामन्याचे मानधन सारखे असूनही वर्षाची मिळकत सारखी होत नाही. म्हणूनच लुईससारखी संपूर्ण खर्चाची समान वाटणी मला अधिक खरी वाटते.

आपल्याकडील लहान क्लबांना यातून पुष्कळ शिकता येईल. कोल्हापुरात पेठापेठांतील तालीम मंडळांचे फुटबॉल संघ आहेत आणि त्यांच्यावर लोकांचे जिवापाड प्रेम आहे. हे प्रेम हेच क्लबाचे खरे भांडवल असते. गावोगावच्या अशा मंडळांनी मुलींना सरावासाठी मैदानाची सोयीची वेळ द्यावी, कपडे बदलण्यासाठी सुरक्षित खोली द्यावी, उशीर झाल्यास घरी पोचविण्याची व्यवस्था करावी आणि वर्षाचा जमाखर्च सर्व सभासदांपुढे मांडावा. यांपैकी बऱ्याच गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. त्या होत नाहीत, याचे कारण बहुधा दारिद्र्य नसून सवय हेच असते.

क्लब लहान असला तरी आपल्याजवळ जे आहे ते कसे वाटायचे, हे ठरविण्याचा अधिकार त्याच्याच हाती असतो. तो अधिकार लुईसच्या सभासदांनी वापरला. आपल्या गावातील क्लबाची वर्गणी आपण भरत असू, तर पुढच्या सभेत उठून एवढाच प्रश्न विचारावा: या पैशातून मुलींच्या वाट्याला किती आले?