गर्जनेची हौस व प्रेक्षकांचे प्राण

गेल्या हिवाळ्यात शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या एका स्नेह्यांच्या फौंड्रीवर जाण्याचा योग आला. चहाच्या वेळी चार कारखानदार मंडळी जमली होती. बोलण्याच्या ओघात लढाऊ विमानांच्या कसरतींचा विषय निघाला, आणि त्यांतील एका वयस्क गृहस्थांनी असा अभिप्राय दिला की, या खेळांत आता पूर्वीची रंगत राहिली नाही. विमाने फार दूर ठेवतात, फार उंच ठेवतात, प्रेक्षकांच्या डोक्यावरून नेत नाहीत. “कानठळ्या बसल्या नाहीत तर ते जेट कसले? सर, तुम्हीच सांगा,” असे म्हणून त्यांनी आमच्याकडे पाहिले. मंडळींनी माना डोलावल्या. आणि खोटे कशास बोला, आम्हीही डोलावली.

चहानंतर कारखाना पाहावयास निघालो. भट्टीतला लोखंडाचा रस साच्यांत ओतण्याचे काम चालू होते. आम्ही कुतूहलाने दोन पावले पुढे सरकलो, तोच पंचविशीच्या एका कामगाराने हात आडवा केला आणि म्हणाला, “सर, पिवळ्या पट्ट्याच्या मागं थांबा. आणि हे कानाला लावा.” कानठळ्यांचे गोडवे गाणारे ते गृहस्थही मुकाट्याने पट्ट्यामागे उभे राहिले व कानांवर आच्छादने चढविती झाले. त्यांच्या स्वतःच्या कारखान्यातही हीच शिस्त आहे, असे त्यांनी अभिमानाने सांगितले. ज्या माणसास रसाच्या वाटेत पाहुण्यास उभे करणे हा गुन्हा वाटतो, त्याच माणसास ताशी शेकडो मैल वेगाने जाणारे, इंधनाने भरलेले यंत्र हजारो बायकामुलांच्या डोक्यावरून गेले नाही याची खंत वाटावी, ही विसंगती आम्हांस तेथेच बोचली. प्रस्तुत लेख त्या बोचणीतून लिहिला आहे.

प्रथम आमचा स्वतःचा कबुलीजबाब. आम्हीही या गर्जनेचे भक्त होतो. विद्यार्थिदशेत पुण्यास असताना लोहगावच्या तळावरील मिग-२९ विमाने आम्ही ऐकली आहेत. ही विमाने १९८७ साली तेथे आली होती. वसतिगृहाच्या गच्चीवर पुस्तक हाती घेऊन बसावे, आणि एकाएकी आकाश फाटल्यासारखा नाद व्हावा. खिडक्यांची तावदाने थरथरावीत, छातीच्या फासळ्यांत तो नाद शिरावा, आणि वर पाहावे तो विमान केव्हाच दृष्टीआड झालेले असावे! तो थरार आम्ही विसरलो नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला, तेव्हा अनेकांनी आपापल्या बालपणीचा तो आवाज आठवून गहिवर व्यक्त केला. त्या गहिवरात आम्हीही सामील होतो. तेव्हा आम्ही जे लिहीत आहो ते या आनंदाला पारख्या असलेल्या माणसाचे लिहिणे नव्हे.

परंतु त्याच भक्तीच्या भरात आमच्या हातून एक गोष्ट घडली, ती सांगणे प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका शहरी अशाच कसरती पाहण्यास आम्ही सहकुटुंब गेलो होतो. आमची कन्या तेव्हा चार वर्षांची होती. पहिलेच विमान खालून गेले आणि तिने दोन्ही कान घट्ट दाबून हंबरडा फोडला. आम्ही तिचे हात कानांवरून काढले आणि “एवढं काय भ्यायचं? शूर मुलं रडत नाहीत,” असे दटावले. शेजारच्या मंडळींनीही हसून आम्हांस दाद दिली. त्या चिमुकल्या जिवास त्या क्षणी जे कळत होते ते आम्हां पदवीधरांस कळत नव्हते. शिरोलीतल्या त्या मुलाने कानाची आच्छादने आमच्या हाती दिली, तेव्हा ते दोन लहान हात आम्हांस आठवले.

आता पूर्वपक्षाचा विचार करू. त्याचे पहिले म्हणणे असे की, गर्जना हीच विमानाच्या बळाची खूण होय. ती क्षीण केली की बळच क्षीण झाल्यासारखे वाटते. हे शास्त्रदृष्ट्या चूक आहे. जेटचा नाद मुख्यतः मागे फेकल्या जाणाऱ्या तप्त वायूच्या झोताची बाहेरच्या निवांत हवेशी जी घुसळण होते तीतून उत्पन्न होतो. झोताचा वेग थोडा वाढला की नाद अतोनात वाढतो, हे लाइटहिल या इंग्रज गणितज्ञाने १९५२ साली दाखवून दिले. एंजिनाच्या एकंदर शक्तीतला अत्यल्प अंश या नादात जातो, आणि तो कोणत्याही उपयोगी पडत नाही. तो बळाचा पुरावा नसून बळाची सांड आहे. बेअरिंग किंचाळू लागले म्हणजे यंत्र जोरकस झाले, असे शिरोलीतला कोणता फोरमन म्हणेल? तो यंत्र बंद करील आणि दुरुस्तीस माणूस बोलावील.

आणि हा नाद निरुपद्रवी नाही. १९४८ च्या कारखाने-कायद्याखाली जे नियम झाले, त्यांनी नव्वद डेसिबेलांच्या गोंगाटात आठ तास, शंभरात दोन तास आणि एकशे पंधरात पाव तास अशी मर्यादा घातली. त्यापुढे उघड्या कानांनी क्षणभरही राहू देऊ नये असे ठरविले. डेसिबेल दहाने वाढले की नादाची शक्ती दहापट होते, हे ध्यानात घ्यावे. पश्चज्वलन चालू असलेले लढाऊ विमान जवळून गेले तर ही शेवटची मर्यादा सहज ओलांडली जाते. आतल्या कानात नादाची संवेदना घेणाऱ्या ज्या सूक्ष्म केशपेशी असतात, त्या एकदा मेल्या की माणसाच्या शरीरात पुन्हा उगवत नाहीत. फौंड्रीत कास्टिंगचे कड घासण्यात आयुष्य गेलेले जुने कामगार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस हे अधिक सांगणे नको. नातवंडाची हाक त्यांस ऐकू येत नाही आणि घरचे लोक “म्हातारा लक्ष देत नाही” म्हणतात. याउलट मोकळ्या जागी अंतर दुप्पट केले की नाद सुमारे सहा डेसिबेलांनी उतरतो. म्हणजे अंतर हा येथे सर्वांत स्वस्त वैद्य आहे, आणि त्यालाच आमचे मित्र दूषण देतात! कोल्हापुरात विसर्जनाच्या मिरवणुकीतील डॉल्बीविरुद्ध दरवर्षी तक्रार करणारी सुशिक्षित कुटुंबे विमानाच्या बाबतीत मात्र अधिक आवाज मागतात, याचाही उलगडा आम्हांस होत नाही.

पूर्वपक्षाचे दुसरे म्हणणे अधिक भावनोत्कट आहे. वैमानिक प्राणांवर उदार होतो. मग प्रेक्षकाने चार पावले मागे सरण्याची भाषा का करावी? या प्रश्नात दोन भिन्न गोष्टींची गल्लत आहे. वैमानिकाने धोका जाणून, वर्षानुवर्षे शिक्षण घेऊन, स्वतःच्या इच्छेने पत्करलेला असतो. बापाच्या खांद्यावर बसलेल्या मुलाने काय पत्करलेले असते? १९ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळूरजवळ येलहंका येथे सरावात सूर्यकिरण पथकाची दोन विमाने एकमेकांवर आदळून विंग कमांडर साहिल गांधी यांस मरण आले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबईच्या प्रदर्शनात तेजस विमान कोसळून विंग कमांडर नमांश स्याल गेले. या वीरांपुढे आमचे मस्तक नम्र आहे. परंतु दुबईचा प्रसंग नीट पाहावा. विमान गेले, वैमानिक गेला. हजारो डोळ्यांदेखत आगीचा लोळ उठला. तथापि प्रेक्षकांतील एकाही माणसाचा प्राण गेला नाही. विमान जेथे पडले तेथे माणसे नव्हती. ज्या अंतरामुळे मजा गेली म्हणतात, तेच अंतर त्या दिवशी कामास आले.

तिसरे म्हणणे असे की, अपघात विरळा घडतात, त्यांच्या भयाने सर्व खेळ फिका का करावा? ते विरळा का झाले, हे आमचे मित्र विचारीत नाहीत. इंग्लंडात फार्नबरो येथे ६ सप्टेंबर १९५२ रोजी एक नवे जेट विमान ध्वनीचा वेग ओलांडल्याचा स्फोटनाद प्रेक्षकांस ऐकवून परतले, आणि त्यांच्या समोरच वळताना हवेत फुटले. त्याचे एक एंजिन टेकडीवरच्या गर्दीत येऊन पडले. २९ प्रेक्षक व विमानातील दोघे मरण पावले. ऐकावयास आलेले लोक तो आवाज ऐकून मेले, असे म्हटले तरी चालेल. त्यानंतर तेथे नियम कडक झाले, आणि पुढील साठाहून अधिक वर्षे त्या देशातील अशा खेळांत प्रेक्षकांपैकी कोणी दगावले नाही. जर्मनीत रामस्टाइन येथे २८ ऑगस्ट १९८८ रोजी इटालियन पथकाची विमाने परस्परांवर आदळली. त्यांतले एक प्रेक्षकांच्या रोखाने येत होते, ते जळते त्यांच्यातच घुसले. ७० जीव गेले. युक्रेनमध्ये ल्विव्हजवळ २७ जुलै २००२ रोजी सुखोई विमान गर्दीत शिरले. ७७ माणसे मेली, त्यांत पुष्कळ मुले होती. दोन्ही वैमानिक मात्र बाहेर उडी घेऊन वाचले. या सर्वांतला बोध शिरोलीच्या त्या कामगाराने एका वाक्यात सांगितला होता: ओताच्या वाटेत पाहुणा नको. विमानाचा रोख गर्दीकडे नसावा, म्हणजे ते तुटले तरी त्याचे तुकडे त्याच्या वेगाच्या दिशेने, माणसांपासून दूर जातात.

प्रेक्षक म्हणजे केवळ तिकीट काढून बसलेले लोक नव्हेत, हेही येथे सांगितले पाहिजे. २२ ऑगस्ट २०१५ रोजी इंग्लंडात शोरहॅम येथे एक जुने हंटर विमान कोलांटी पुरी न होता हमरस्त्यावर आदळले. जे अकरा जण मेले ते सर्व मैदानाबाहेरचे, कोणी रस्त्याने जाणारे, कोणी कडेस उभे. आपल्याकडे ३ मार्च २०१० रोजी हैदराबादेस नौदलाच्या सागर पवन पथकाचे विमान वस्तीतल्या एका इमारतीवर पडून दोघे वैमानिक गेले. शिरोलीसारख्या ठिकाणी, जेथे एका बाजूस महामार्ग, दुसऱ्या बाजूस भट्ट्या आणि मधोमध कामगारांची घरे आहेत, तेथे या गोष्टीचा विचार सर्वांआधी करावा लागेल.

परंतु आमच्या देशात प्रेक्षकांचे प्राण घेण्यास विमान पडावेच लागते असे नाही, आणि या लेखाचे खरे गाऱ्हाणे हेच आहे. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी, रविवारी, चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई दलाच्या कसरती झाल्या. वेळ सकाळी अकरा ते दुपारी एक. सुमारे १५ लाख लोक जमल्याचे सांगण्यात आले. आकाशात सर्व काही निर्विघ्न पार पडले; जमिनीवर पाच माणसे मेली आणि शेकडो रुग्णालयात गेली. ऊन, तहान आणि परतीच्या वाटेवरची कोंडी एवढीच कारणे त्यास पुरली. आम्ही महाराष्ट्रीयांनी त्यावर नाक मुरडू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर उन्हात बसविलेल्या लोकांपैकी चौदा जण उष्माघाताने गेले. आणि २५ जानेवारी २००५ चे मांढरदेवी, जेथे चेंगराचेंगरीत तीनशेच्या आसपास भाविक मेले, ते तर आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातच. गर्दी किती जमली हा आमच्याकडे सोहळ्याच्या यशाचा आकडा. किती सुखरूप घरी पोचली हा आकडा कोणी विचारीत नाही.

यावर “आपले लोक शिस्त पाळीत नाहीत, नियम करून काय उपयोग?” असे एक शेवटचे उत्तर तयार असते. हे उत्तर आम्हांस सर्वांत अप्रामाणिक वाटते. फौंड्रीतला कामगार हाच ‘आपला’ माणूस ना? पट्टा आखला, आच्छादन हाती दिले, कोणी तरी उभे राहून सांगितले, की तो शिस्त पाळतो आणि प्रोफेसरासही पाळावयास लावतो. बेशिस्तीचा दोष ज्यांच्यावर ठेवला जातो, त्यांना बहुधा पट्टाच आखून दिलेला नसतो.

कोल्हापूरकरांस विमानांचे प्रेम नवे नाही. उजळाईवाडीची धावपट्टी १९३९ सालची, राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतली आहे. उद्या या जिल्ह्यात अशा कसरती झाल्या तर आम्ही पाहावयास जाऊ. परंतु तत्पूर्वी आमचे मागणे असे. खेळ हिवाळ्यात आणि सकाळी लवकर व्हावा. विमानांचा रोख गर्दीकडे नसावा, आणि ज्या रेषेमागे सामान्यांस उभे करतील तिच्याच मागे मान्यवरांच्या खुर्च्या असाव्यात. जितक्यांस पाणी, सावली व परतीचा रस्ता देता येईल तितक्यांसच बोलवावे. लहान मुलांच्या कानांसाठी आच्छादने दारातच मिळावीत, आणि ती का घालावयाची हे ध्वनिक्षेपकावरून मराठीत सांगावे. यातले एकही काम विमान उडविण्याइतके अवघड नाही.

आमच्या त्या कारखानदार मित्रांस हा लेख आम्ही छापण्यापूर्वी वाचून दाखविला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “नातवाला न्यायचं तर तुमचं खरं आहे, सर.” आम्ही त्यांस म्हणालो की, दुसऱ्याच्या नातवासही तोच न्याय लावा, म्हणजे आपले भांडण मिटले.