पेशींमधली चूल

गेल्या महिन्यात आमच्या अम्मींना ताप आला. तीन दिवस अंग फणफणत होतं, चौथ्या दिवशी ताप उतरला. रक्ताचा रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी जितक्या हव्यात तितक्याच. आम्ही सगळे निश्चिंत झालो. पण अम्मींना काही उठवेना. स्वयंपाकघरापर्यंत गेल्या तरी धाप लागून खाली बसत. शेवटी आमच्याच तोंडून निघून गेलं, "अम्मी, रिपोर्ट तर नॉर्मल आहे. आता थोडं हिंडा-फिरा." त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून कणीक मळायला बसल्या आणि अर्ध्यातच त्यांना भोवळ आली.

रिपोर्ट खोटा होता, की अम्मी? डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "दोन्ही खरे." त्यांनी जे समजावलं आणि नंतर आम्ही जे वाचलं, ते या महिन्यात आपल्यापुढे ठेवत आहोत.

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात. मुलांच्या शाळेच्या पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हटलं आहे. त्यांना पेशीची चूल समजा. आपण खाल्लेलं अन्न आणि श्वासातला ऑक्सिजन यांपासून त्या ऊर्जा तयार करतात. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही याच चुलीवर जगतात.

एरवी या पेशी शांत असतात, त्यांचा खर्च थोडा असतो. जंतू शिरला की त्यांतल्या टी-पेशी जाग्या होतात आणि एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा भराभर वाढतात. घरात लग्न निघालं की एका चुलीवर भागत नाही, तसंच इथेही होतं. पेशी साखर झपाट्याने वापरू लागते आणि मायटोकॉन्ड्रियाही कामाला जुंपल्या जातात. त्या नुसती ऊर्जा पुरवत नाहीत, धोक्याची खबर पुढे पोचवायलाही मदत करतात. काही विषाणू पेशीत शिरले की त्यांची वर्दी मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्यावर बसलेल्या एका प्रथिनामार्फत पुढे जाते, हे 2005 साली उघडकीस आलं.

म्हणूनच संशोधक आता पांढऱ्या पेशी किती आहेत एवढंच मोजून थांबत नाहीत. त्या पेशी किती ऑक्सिजन वापरतात आणि गरज पडली तर आणखी किती वापरू शकतील, हेही प्रयोगशाळेत मोजतात. उंदरांवरच्या 2012 च्या एका संशोधनात असं दिसलं, की जुन्या रोगाची आठवण ठेवणाऱ्या टी-पेशींकडे अशी राखीव ताकद जास्त असते. उलट, रोग फार काळ रेंगाळला की टी-पेशी थकतात आणि त्यांच्या मायटोकॉन्ड्रियाही मंदावतात. कॅन्सरच्या गाठीतल्या टी-पेशींतही हेच आढळलं आहे. पेशींची संख्या ठीक, पण चूल विझत आलेली, असंही होऊ शकतं.

साध्या रक्ततपासणीत फक्त डोकी मोजली जातात; कोण किती दमलं आहे ते त्यात कळत नाही.

याशिवाय ताप 1 अंश सेल्सिअसने वाढला की शरीराचा ऊर्जेचा खर्च साधारण 10 टक्क्यांनी वाढतो. लढणाऱ्या पेशी रसायनांच्या रूपाने मेंदूला निरोप पाठवतात: पडून राहा, खर्च कमी करा. अंगातलं त्राण जाणं, भूक मरणं, झोप येणं हा त्या निरोपाचाच परिणाम. त्याला आळस म्हणणं म्हणजे शरीराचं ऐकायला नकार देणं.

आता एक सावधगिरीची गोष्ट. 'मायटोकॉन्ड्रिया बळकट करा, प्रतिकारशक्ती वाढवा' अशा गोळ्यांच्या जाहिराती येतात. पेशींच्या चुलीची ही मोजणी अजून मुख्यतः संशोधनातच आहे. घरच्या तापासाठी डॉक्टर ती सांगत नाहीत. तेव्हा अशा तपासण्यांवर आणि गोळ्यांवर पैसे घालवू नका. पुरेशी झोप, डाळ-भाजी-अंडी असं साधं जेवण, भरपूर पाणी, वेळेवर लस आणि ताप गेल्यावरही काही दिवस आराम, एवढं आपल्या हातात आहे. थकवा दोन-तीन आठवड्यांनंतरही जात नसेल, वजन घटत असेल, धाप लागत असेल किंवा खोकला थांबत नसेल, तर मात्र घरी बसू नका. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि क्षयरोग यांची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या.

आजारी माणसाला रोज्यातसुद्धा सवलत आहे. घरातल्या बाईला चुलीपासून मात्र आपण ती देत नाही. ताप उतरला, की दुसऱ्या दिवशी भाकऱ्या तिच्याकडूनच हव्या असतात. एक गोष्ट वाचून आम्ही जरा गप्पच झालो: मायटोकॉन्ड्रिया आपल्याला आईकडूनच मिळतात. आमच्या अंगात जी ताकद आहे, तिची चूल अम्मींनीच दिलेली.

आम्ही अम्मींची माफी मागितली. पुढचे दहा दिवस अब्बांनी चहा केला, मुलांनी भांडी घासली, पोळ्या आम्ही लाटल्या, वेड्यावाकड्या का होईनात. अकराव्या दिवशी अम्मी आपणहून उठल्या आणि आमच्या पोळ्या बघून खूप दिवसांनी हसल्या.

आपल्या घरात आत्ता कुणी तापातून उठलं असेल, तर रिपोर्टबरोबर त्या माणसाच्या चेहऱ्याकडेही बघा.