पडताळणीच्या फॉर्ममधली दारूची जुनी केस : लपवायची की लिहायची?

मैदानी झाली, लेखी झाली, निवड यादीत नाव लागले. त्यानंतर एक प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. दोन-तीन वर्षांपूर्वी वरातीत किंवा जयंतीच्या मिरवणुकीत दारू पिऊन गोंधळ घातला म्हणून पोलिसांनी उचलले होते, कोर्टात दंड भरून सुटलो. आता चारित्र्य पडताळणीत ते लिहायचे का? घरचे आणि मित्र एकच सांगतात : लिहू नको, किरकोळ दंडाला कोण विचारतो?

विचारतात. साक्षांकन नमुन्यात अटक, खटला आणि शिक्षा यांच्याबरोबर न्यायालयाने दंड केला होता का, हेही विचारलेले असते. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ च्या कलम ८५ खाली सार्वजनिक ठिकाणी दारूच्या नशेत गोंधळ घालणे हा गुन्हा आहे. न्यायाधीशांपुढे गुन्हा कबूल करून दंड भरला की प्रकरण मिटले, असे आपली मुले समजतात. कायद्याच्या भाषेत ती दोषसिद्धी असते आणि पोलीस ठाण्याच्या दप्तरात तिची नोंद राहते. (मिरवणुकीत पोरांना पाजणारे पुढारी पडताळणीच्या वेळी कुठे असतात, हेही एकदा विचारायला हवे.)

अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१६ मध्ये याबाबतची दिशा स्पष्ट केली. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. तरुण वयात घोषणा देण्यासारखा क्षुल्लक गुन्हा असेल, तर तो लपवला गेला तरी नियोक्ता आपल्या अधिकारात दुर्लक्ष करू शकतो. मात्र खरे लिहिले म्हणून नेमणूक द्यावीच लागेल, असेही नाही. गणवेशाच्या नोकरीला फूटपट्टी अधिक कडक लागते. म्हणजे लिहिण्यात धोका आहेच. पण लपवले तर जुन्या दंडाला खोट्या माहितीचा नवा ठपका जोडला जातो, आणि तो आपण आज, शुद्धीत असताना लावून घेतलेला असतो.

अमेरिकेत गोपनीय कामाची परवानगी देताना दारूचा भूतकाळ थेट तपासतात. २०१७ पासून लागू असलेल्या निकषांत दारूसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. नशेत गाडी चालवणे, कामावर पिऊन येणे, उपचारानंतर पुन्हा पिणे या बाबी विरोधात जातात. त्याच प्रकरणात बाजूने काय मोजायचे, तेही लिहिले आहे : किती काळ लोटला, माणसाने समस्या मान्य केली का, उपचार पूर्ण केले का, पिणे सोडले का. आपल्याकडे असा लिखित निकष उमेदवाराच्या हाती नसतो. बरेचसे अधिकाऱ्याच्या विवेकावर राहते, आणि वस्तीचे नाव वाचून तो विवेक कसा चालतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून असे निकष लेखी मागणे, हा आपल्या संघटनांचा मुद्दा व्हायला हवा.

याच भीतीपोटी मुले व्यसनमुक्ती केंद्रात जात नाहीत. ‘रेकॉर्ड लागेल’ म्हणतात. साक्षांकन नमुन्यात उपचाराचा रकाना नसतो, आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार काही अपवाद सोडता उपचाराची माहिती गोपनीय ठेवावी लागते. रेकॉर्ड लागते ते पिऊन रस्त्यावर पडल्याचे.

विनयपिटकात उपसंपदेपूर्वी उमेदवाराला प्रश्न विचारले जातात : कर्ज आहे का, राजाच्या नोकरीत आहेस का, आईवडिलांची संमती आहे का. ही वेळ खरे बोलण्याची आहे, असे त्याला आधी बजावले जाते. पूर्वी कधी मद्य घेतले होते का, हा प्रश्न त्या यादीत नाही. पाचवे शील मोडल्याची लाज वाटून चौथे मोडणाऱ्या तरुणांनी हे लक्षात ठेवावे.

तेव्हा फॉर्म भरण्याआधी कोर्टातून निकालाची प्रमाणित नक्कल काढा. खटला क्रमांक, कलम, तारीख आणि दंडाची रक्कम तिच्यावरूनच उतरवा. उपचार घेतले असतील आणि ते दाखवणे फायद्याचे वाटत असेल, तर केंद्राचे पत्र जोडा, सक्ती नाही. भाषा समजत नसेल तर फॉर्म कोरा ठेवून वकिलाकडे जा, अंदाजाने ‘नाही’ लिहू नका.