दुहेरी लंघनाचा धोका

२००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यापासून शिवाजी पार्क, मरीन ड्राइव्ह येथे पहाटे धावणाऱ्या स्त्रिया हे नित्याचे दृश्य झाले आहे. ही स्पर्धा गाजवून २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणाऱ्या माण तालुक्यातील ललिता बाबर यांचा आदर्श त्यांच्यापुढे आहे. हे स्वागतार्हच होय. तथापि ‘वजन उतरले की वेग वाढेल’ या समजुतीने काहीजणी आहार तोडतात आणि गिरगाव-दादर-लालबागच्या दुकानांत मेदोहर गुग्गुळ मागतात. अशा वेळी आपले कर्तव्य काय?

चरकाचार्यांनी लंघनाच्या दहा प्रकारांत उपवास व व्यायाम या दोहोंची गणना केली आहे. म्हणजे नित्य लांब अंतर धावणारी स्त्री मुळातच लंघन करीत असते. त्यावर अल्पाहार लादला की लंघन दुहेरी होते. मेदोहर औषधाने तिहेरी. अतिकृशास व्यायाम सोसत नाही, हेही चरकसंहिता सांगते.

कोपनहेगन विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ प्रशिक्षित महिला खेळाडूंना १४ दिवस अपुरा आहार दिला गेला. व्यायामाचा खर्च वजा जाता उरणारी ऊर्जा निम्म्याहून कमी होती. परिणामी २० मिनिटांच्या सायकल चाचणीतील कामगिरी सुमारे ८ टक्क्यांनी घटली आणि नंतर तीन दिवस पुरेसे अन्न देऊनही ती सावरली नाही. २०२३ च्या दुसऱ्या डॅनिश अभ्यासात प्रथिने भरपूर देऊनही केवळ १० दिवसांच्या ऊर्जा-न्यूनतेने स्नायूंतील प्रथिननिर्मिती मंदावली. अभ्यास लहान आहेत, आणि ग्रंथवचनाशी साम्य म्हणजे सिद्धता नव्हे. परंतु दोन्हींचा इशारा एकच आहे. वजन उतरते, ते मांसधातूच्या बळाची किंमत देऊन.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे : धावणारी स्त्री वजनासाठी आली, तर प्रथम पाळीची चौकशी करावी. आर्तव हा रसाचा उपधातू. पोषण तुटल्याची खूण तेथे लवकर उमटते. तीन महिने पाळी आली नसेल, तर गर्भधारणेची शक्यता तपासून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे, हाडांच्या घनतेचाही विचार व्हावा. अग्निबल पाहून दूध, तूप, वरणभात, खजूर अशा बृंहण आहाराची योजना करावी.

औषधविक्रेते बंधू म्हणतील, आम्ही नाही दिले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. जाईलही. पण वैद्याच्या चिठ्ठीविना कृश धावपटूच्या हाती मेदोहर कल्प देणे हा व्यापार असेल, चिकित्सा नव्हे.